हळदीसाठी खोली रिकामी करणेबाबत

तमाम जनतेस या जाहीर प्रगटनाद्वारे कळविण्यात येते की, वसमत शहरी मोंढ्यामागील रस्त्यावर असलेल्या चार खोल्यांपैकी सर्वांत मागील खोलीत यापुढे माणसांऐवजी हळद राहील. हळदीला तिचे गाव, जात व आधार क्रमांक विचारण्यात येणार नाही. सबब सदर खोलीतील माणसांनी आपले अंथरूण-पांघरूण, शेगडी, पोटातील मूल इत्यादींसह आठ दिवसांचे आत निघून जावे. कोणाची हरकत असल्यास ती लेखी सादर करावी. तोंडी हरकत ऐकून घेतली जाईल, मनावर घेतली जाणार नाही.

हे प्रगटन कुठल्या वर्तमानपत्रात आलं नाही, ते मी आत्ता रचलं. पण त्यातला आठ दिवसांचा मजकूर खरोखरच एका कागदावर लिहिला गेला होता आणि तो लिहिणारा मीच होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना मला कोणी सज्जन समजणार नाही.

माझा धंदा अर्ज लिहिण्याचा. तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली माझं एक टेबल आहे. टेबलावर काच, काचेखाली आठ-दहा छापील नमुने आणि काचेवर माझे दोन्ही कोपर. उत्पन्नाचा दाखला, वारसाची नोंद, हरवलेलं रेशनकार्ड, भावाने ढकललेला बांध. माणसाचं काहीही बिघडलं की ते आधी माझ्या कागदावर येतं आणि मग साहेबाच्या टेबलावर जाऊन पडून राहतं. लोक मला वकीलसाहेब म्हणतात. वकिलांना ते आवडत नाही. मला फार आवडतं. तसा आता या कामाचा कंटाळा आलाय. वीस-बावीस वर्षं ‘महोदय’ असं लिहून झाल्यावर माणसाला कोणाबद्दलच आदर वाटेनासा होतो. पण दुसरं काही येत नाही.

माझं गाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कनेरगाव नाक्याजवळ. बायको तिथलं शेत बघते. मी शनिवारी एस.टी.ने जातो, सोमवारी परत येतो. गेली अकरा वर्षं या चार खोल्यांतल्या पहिल्या खोलीत मी एकटा राहतो. माझ्या खोलीवर स्लॅब आहे, पंखा आहे, एक कपाट आहे आणि जुन्या अर्जांच्या कार्बन प्रतींचे गठ्ठे आहेत. मधल्या दोन खोल्या एका दुकानदाराने खत ठेवायला घेतल्या आहेत. मागची खोली पत्र्याची. तिथे दिवाळीनंतर मध्य प्रदेशातली, बैतूलकडची सहा माणसं आली. पाच भाऊ, सख्खे-चुलत धरून, आणि थोरल्याची बायको.

ही मंडळी हळद पॉलिश करण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिथे एक भलामोठा लोखंडी ढोल फिरतो, त्यात उकडून वाळवलेली हळद घासली जाते. बाहेर येते तेव्हा हळद चकचकीत झालेली असते आणि माणूस पिवळा. पहिल्या दिवशी ते कामावरून आले तेव्हा मी ओट्यावरून ओरडलो, “अरे वा, पाच-पाच नवरदेव! वरात कुठं निघाली?” ते हसले. मग मी ही थट्टा रोजच करू लागलो. आठवडाभराने लक्षात आलं की ते अजूनही तितकंच हसत होते, ना कमी ना जास्त. जसं साहेबाच्या विनोदाला मी हसतो तसं. मग थट्टा बंद केली.

खोलीचा करार वगैरे काही नव्हता. मालकाने माणशी भाडं ठरवलं, किल्ली दिली, संपलं. मी त्यांना एकदा ऐटीत सांगितलं होतं, की करार लिहून, नोंदवून घ्यायची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. थोरला म्हणाला, “जी बाबूजी,” आणि भांडी घासायला गेला.

मालक म्हणजे डोंगरकडा गावाकडचे शेतकरी. शेत तिकडे, घर इथे शहरात, आमच्या खोल्यांना लागूनच. माणूस वाईट नाही. माझ्या आजारपणात त्यांच्या घरून पंधरा दिवस भाकरी आली होती. नुसता वाईट असता तर बरं झालं असतं, मला भांडायला सोपं गेलं असतं.

उन्हाळ्यात एके दिवशी दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

“वकीलसाहेब, एक कागद करून द्या.”

“कशाचा?”

“मागच्या खोलीचा. हळदीचा भाव पडून राहिला. आता मोंढ्यात विकायला नेणं म्हंजे फुकट देणं. पोळ्यापर्यंत ठेवून बघतो.”

“मग ठेवा की.”

“ठेवू कुठं? माळा भरला, जिन्याखाली भरलं. बायको म्हणती, आता माझ्या उशाला पोती नका लावू.”

“आणि त्या लोकांचं काय?”

“ते जाणारेच हायत, वकीलसाहेब. आज हितं, उद्या तिथं. अन् तुमीच म्हणले व्हते ना, नोटीस दिल्याबिगर कोणाला काढता येत न्हाई? म्हणून तर आलो. बराबर कायद्यानं काढायचं.”

आता बघा, माझं म्हणणं कोणीतरी लक्षात ठेवलं, याचा मला इतका आनंद झाला की बाकी काही सुचलंच नाही. आठ दिवसांची मुदत कुठल्याच हिशेबाने पुरेशी नाही, हे मला ठाऊक होतं. पण मालक आठ म्हणाले आणि मी आठ लिहिलं. गिऱ्हाईक सांगेल ते लिहायचं, ही आमच्या धंद्याची रीत. नोटीस मात्र झकास उतरली. दोन ठिकाणी ‘सबब’, एका ठिकाणी ‘कसूर केल्यास होणाऱ्या परिणामांस आपण स्वतः जबाबदार राहाल’. मालकांनी चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरला तो कागद घेऊन माझ्या दारात उभा.

“बाबूजी, ज़रा पढ़ दो. अक्षर तो दिखते हैं, समझ में नहीं आता.”

त्याचा काही दोष नव्हता. माझं कचेरीतलं मराठी खुद्द वसमतच्या माणसांनाही समजत नाही. मी ओट्यावर उभा राहिलो आणि वाचलं. माझीच नोटीस, पण वाचताना मला राहवलं नाही; ‘सबब’पाशी थांबलो, ‘परिणामांस’ला आवाज खाली आणला. थोरल्याची बायको भिंतीला टेकून ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, “लिखा तो बहुत बढ़िया है. किसने लिखा?”

मी म्हणालो, “कचेरीत लिहितात असं.”

मग मी हिंदीत अर्थ सांगितला. आठ दिवस म्हटल्यावर पाची भाऊ तिच्याकडे बघू लागले. तिला नववा लागला होता. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी कार्डावर जी तारीख टाकली होती तिला अजून वीस-बावीस दिवस होते. कारखानदार कामाला ठेवतानाच म्हणाला होता, खोली गेली तर शेडमध्ये झोपा. शेड म्हणजे ढोलाच्या शेजारची जागा. हवेत दिवसभर पिवळा धुरळा, दार नाही, मोरी नाही. ती दोन महिने तिथे हळद निवडायला बसत होती तेव्हा लागलेला खोकला अजून गेला नव्हता.

“बच्चे को वहाँ नहीं ले जाऊँगी,” ती म्हणाली. कोणाला उद्देशून नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मग माझ्याकडे वळली. “बाबूजी, इसका जवाब बना दो.”

मी जबाब बनवला. त्याच टेबलावर, त्याच पेनाने. प्रामाणिकपणे सांगतो, जबाब नोटिशीपेक्षा सरस झाला. नोटीस कुठे लंगडी आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? भाडं महिनोन्‌महिने घेतलं आहे, त्याअर्थी हे भाडेकरू आहेत. करार नाही हा मालकाचा कसूर, भाडेकरूचा नव्हे. पाणी-वीज तोडून माणसाला बाहेर काढता येत नाही. आणि परराज्यातून मजूर आणणाऱ्यानेही त्यांच्या राहण्याची नीट सोय करायची असते, शेड ही सोय नव्हे. सगळं ठोकून लिहिलं.

मालकांच्या हाती जबाब पडला. त्यांनी काय करावं? तो घेऊन ते माझ्याकडे आले. “ह्याला उत्तर करून द्या.”

मी करून दिलं. ‘आपले कथन साफ खोटे व बनावट असून’ असं मी स्वतःलाच ठणकावलं. त्याला पुन्हा जबाब. चार दिवस मी माझ्याशी असा झुंजत होतो आणि दोन्हीकडून मीच जिंकत होतो. इतकी मजा मला अनेक वर्षांत आली नव्हती. पाचव्या दिवशी मालक स्टुलावर बसलेले असतानाच थोरला कागद घेऊन आला. दोघांच्या हातात माझेच कागद. दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काहो, तुमी नेमके कोणाच्या बाजूनं हाव?” मालकांनी विचारलं.

“मालक, इथे सगळे असंच करतात. फिर्याद करणारा नऊला येतो, ज्याच्यावर केली तो अकराला. टेबल एकच आहे.”

“अन् माझ्याच खोलीत राहून माझ्याविरुद्ध लिहून राहिले? वा रे वकील!”

 थोरल्याने आपला कागद घडी करून खिशात ठेवला आणि तो गेला. मालकांचं बोलणं मी हसण्यावारी नेलं, पण ती घडी करण्याची पद्धत अजून आठवते. फार नीट घडी केली त्याने. फाडला असता तरी चाललं असतं.

त्याच दुपारी मालकांनी पाण्याची मोटर बंद केली. पाणी तोडता येत नाही हा मुद्दा त्यांनी जबाबात वाचला होता आणि तिथूनच त्यांना ही कल्पना सुचली असावी. चारी खोल्यांची टाकी एकच, त्यामुळे कायद्याचा पहिला फटका मला बसला. तीन दिवस मी बिनआंघोळीचा तहसीलला जाऊन इतरांना त्यांचे हक्क समजावत होतो. थोरल्याचे भाऊ समोरच्या गॅरेजातून कळशा आणत. माझ्या दाराशीही एक भरलेली कळशी रोज ठेवलेली असे. कोणी ठेवली ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी आणि थोरला दुसरी खोली बघायला हिंडलो. उन्हाने डांबर मऊ झालं होतं, चपला चिकटत होत्या. पहिल्या घरी विचारलं, कुठले? दुसऱ्या घरी, किती जण? तिसऱ्या घरी एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पाणीही दिलं आणि म्हणाल्या, “लेकरू व्हणार म्हंजे रडणार. आमच्या पोराची परीक्षा हाय.” चौथ्या घरी मी छाती पुढे काढून म्हणालो, “मी हमी घेतो.” घरमालकाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तीन दिवसांचा घाम माझ्या अंगावर होताच. “अन् तुमची हमी कोण घेतं?” असं विचारून त्याने दार लावून घेतलं. रस्त्यावर आल्यावर थोरला पहिल्यांदा मनापासून हसला. मीही हसलो. मग आम्ही दोघं एका बंद दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलो. उठावंसंच वाटत नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत हळदीची पोती आणि पोत्यांवर बसलेले मालक. भाऊ कामावर गेले नव्हते. थोरल्याची बायको मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर, चौकटीला पाठ लावून, पाय पुढे पसरून बसली होती. नऊ महिन्यांची बाई उंबऱ्यात बसली की तिला ओलांडून आत जायचं नसतं, हे बैतूलला जसं माहीत आहे तसंच वसमतलाही. मालक खाली उतरले, तिच्यापासून दहा पावलांवर थांबले. तिथून त्यांना पुढेही जाता येईना आणि मागेही.

“वकीलसाहेब, नोटीस वाचा. मोठ्यानं. सगळ्याहीला ऐकू जाऊ द्या.”

तोवर गॅरेजमधले लोक, खताचा दुकानदार, चहावाला असे दहा-पंधरा जण जमले होते. माणसं जमली की माझं काय होतं हे मला माहीत आहे. मी नोटीस वाचली. मग म्हटलं, एकच बाजू वाचणं न्यायाचं नाही, म्हणून जबाबही वाचला, त्यावरचं मालकांचं उत्तरही वाचलं. मालकांचं बोलणं जाड आवाजात, जबाब बारीक आवाजात. ‘साफ खोटे व बनावट’ला कोणीतरी टाळी वाजवली. ट्रॅक्टरचा ड्रायव्हरसुद्धा इंजिन बंद करून ऐकत होता. माझं आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं वाचन. संपल्यावर मी घाम पुसला आणि कौतुकासाठी इकडेतिकडे पाहिलं.

उंबऱ्यातून तिने विचारलं, “बाबूजी, आपके कमरे में कितने लोग रहते हैं?”

टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहिती हवी होती.

“एक,” मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्या खोलीकडे पाहिलं. मालकांनी तर अशी पाहिली जशी ती रातोरात कोणी बांधून ठेवली होती. स्लॅब, कोरडी फरशी, रस्त्याला लागून, पोती चढवायला-उतरवायला सोयीची. मागच्या पत्र्याच्या खोलीपेक्षा हळदीसाठी शंभर पटीने बरी. माझ्या मनात आठ दिवसांत हे एकदाही आलं नव्हतं. मालकांच्याही नाही. सहा माणसांची खोली रिकामी करायची, एका माणसाची नाही, हे आम्हा दोघांनाही इतकं उघड वाटत होतं की त्यावर कोणी काही लिहिलंच नव्हतं.

“माझ्याकडे ठेवा,” मी म्हणालो. फार उदार मनाने म्हणालो असं नाही. पंधरा जण बघत होते.

पाची भावांनी पोती उतरवली, खाली फळ्या टाकल्या, तीन भिंतींना छतापर्यंत थप्पी लावली. पंख्याची पाती पोत्याला लागतील म्हणून पंखा बांधून ठेवला. कपाट ओट्यावर गेलं, कार्बन प्रती खतवाल्याकडे. मला खाटेपुरती जागा राहिली. ती थप्पी इतकी सरळ लागली होती की मालक ओळंब्यासारखा डोळा लावून बघत राहिले आणि म्हणाले, “काम बाकी नंबरी.” दुपारी मोटर सुरू झाली.

त्यानंतर थोरल्याच्या बायकोचे दिवस भरले. सरकारी दवाखान्यात मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन मागच्या खोलीत आली. दोन खोल्या खत ओलांडून रडण्याचा आवाज माझ्यापर्यंत येई. मी हळदीत झोपत होतो. धुरळा नव्हता तरी घसा दिवसभर खवखवायचा, धोतरापासून उशीपर्यंत सगळं पिवळं. शनिवारी घरी गेलो की बायको म्हणे, “आधी अंगणात झटकून या.” मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, उन्हाळ्यात बिनपंख्याचा, भिंतीला हात लावावा तर पोतं. फार थकायला झालं. त्या लोकांना असं झोपायची कायमचीच सवय आहे, असा विचार कधी कधी यायचा आणि त्याने झोप आणखी उडायची.

मालक रोज हळदीच्या भेटीला येत. आजाऱ्याला बघायला यावं तसे माझ्या खाटेवर बसत, पोत्यात हात घालून एखादी कांडी काढत, कटकन मोडत, वास घेत. जाताना मागच्या खोलीकडेही डोकावत. मालकीणबाईंनी डिंकाचे लाडू पाठवले. “पोरगी गुणाची हाय,” मालक मला सांगत, “माझ्याकडं बघून हसती.”

पण मुलीच्या आईची काळजी गेली नव्हती. एके दिवशी ती मुलीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती, म्हणाली, “बाबूजी, भाव फिर गिरेगा तो मालिक और बोरी लाएगा. आपका कमरा तो भर गया.”  त्यात आशाताईंनीही मुलीच्या नोंदीसाठी राहत्या जागेचा काहीतरी पुरावा आणायला सांगितला होता. म्हणून मी करार लिहिला. या वेळी ‘सबब’ नाही, ‘कसूर’ नाही. साधं मराठी, आणि खाली तेच हिंदीत. खोली कोणती, राहणार कोण, पाणी बंद करायचं नाही, काढायचं असेल तर पुरेसे दिवस आधी लेखी सांगायचं. एक मागच्या खोलीचा, आणि लिहिता लिहिता लक्षात आलं म्हणून एक माझ्याही खोलीचा. अकरा वर्षांत माझ्याकडेही कागदाचा कपटा नव्हता.

मालक आले तेव्हा मी दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले. थोरला दारात उभा होता, त्याच्या मागे ती, खांद्यावर मुलगी. मालकांनी खाटेवर बसून चष्मा लावला. पहिला करार वाचला, मग दुसरा. घाई केली नाही. मधे एकदा “बराबर हाय” म्हणाले, एकदा “हे बी ठीक.” मी पेन उघडून दिलं. त्यांनी घेतलं, कागद गुडघ्यावर सारखा केला, टोक सहीच्या जागेवर टेकवलं. 

मग त्यांनी पेन उचललं, आधी माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या तिघांकडे, आणि एकदम मोठ्याने म्हणाले,

“अहो, पण मी सही केली तर तुमी समदे खरोखरचे भाडेकरू व्हताल की!”